खेळांच्या पुस्तकातला पाठमोरा वाघ

ऋषीभाऊ,

काल तुमच्या तेरवीहून परत आले. मांडवात नाटकवालेच जास्त होते. एकेक जण उठून तुम्ही रंगवलेल्या नाटकाच्या पडद्यांविषयी बोलत होता. एकानं तुमच्या जंगलाच्या पडद्याची गोष्ट सांगितली. तो खाली आला की पुढच्या रांगेतली माणसं म्हणत, हे तं आमच्याच गावामागचं रान हाय. दुसऱ्यानं राजवाड्याच्या पडद्याचं सांगितलं. तुम्ही रंगवलेल्या खांबाला टेकायला एक नवखा नट गेला आणि पडद्यासकट पडला म्हणे. सगळे हसले. तुम्हीही हसला असता.

मग मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि 'ऋषीभाऊंनी आणि मी मिळून लेकरांसाठी आपल्याकडच्या खेळांचं चित्रांचं पुस्तक केलं' एवढंच म्हणून खाली बसले. लोक वाट पाहत राहिले, पण पुढचं मला मांडवात सांगता येईना. ते तुमच्याशीच बोलायचं होतं. म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तर इथं, मूल गावातल्या माझ्या खोलीत, बसून बोलते आहे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या शाळेत आलात ते भिंती रंगवायला. पोंभुर्ण्याच्या आत, जंगलाला लागून असलेलं आमच्या शाळेचं गाव. 'बोलक्या भिंती' करायच्या होत्या. मुळाक्षरं, पाढे, फुलाचे भाग, महाराष्ट्राचा नकाशा. तुम्ही सायकलच्या दोन्ही बाजूंना रंगाचे डबे लटकवून आलात, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मधल्या सुट्टीत लेकरं अंगणात डाबडुबली खेळत होती. एकानं पायाखालून काठी फेकली, ज्याच्यावर डाव होता तो ती आणायला पळाला, आणि बाकीची सगळी भराभर कडुलिंबावर चढली. तुम्ही ब्रश हातात धरून उभेच राहिलात. संध्याकाळी मी पाहिलं तर भिंतीच्या अगदी खाली, लेकरांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, तेच झाड होतं आणि झाडावर लोंबकळणारी पोरं. त्यातलं प्रत्येक पोर ओळखू येत होतं.

हेडसर म्हणाले, तिथं बाराचा पाढा यायचा होता. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "रंग ओला हाय जी. वाळला का पाहू." तो रंग काही वाळला नाही. बाराचा पाढा अजून आमच्या शाळेत नाही.

पुस्तकाची कल्पना माझी होती, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. ते खरं नाही. मी एवढंच म्हटलं होतं की हे खेळ आता मधल्या सुट्टीपुरतेच उरलेत. जंगलाकडं लेकरांना कुणी सोडत नाही, वाघाची भीती आहे, आणि घरी गेली की ती मोबाईल घेऊन बसतात. आई-वडिलांचा यात दोष नाही. गुरं चारायला, मोह वेचायला मोठी माणसंसुद्धा जमावानं जातात. पण खेळ शिकायची जागा तीच होती. मोठी पोरं लहानांना तिथंच शिकवत. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "मंग पुस्तक करा. चित्रं मी काढतो." जणू मी चहा घ्या म्हटलं होतं आणि तुम्ही हो म्हणालात.

तुमची पहिली चित्रं आठवतात? मी आजही हसते. लंगडीचं चित्र तुम्ही आणलं त्यात मागं कमान होती, कारंजं होतं, आभाळात पूर्ण चंद्र, आणि खाली कोपऱ्यात तीन मुली. पडदे रंगवण्यात हयात गेली, त्यामुळं हाताला मोकळी जागा दिसली की राजवाडा उभा राहायचा. मी म्हटलं, भाऊ, जरा राजवाडा बाजूला सरकवता येईल का. तुम्हाला राग आला. दोन-तीन आठवडे तुमचा पत्ता नव्हता. मग आलात ते मातीच्या अंगणाचं, वाळत घातलेल्या लुगड्याचं, कोंबड्यांचं चित्र घेऊन. मधोमध लंगडी. एका मुलीचा पाय हवेत आणि तिची जीभ दातांत धरलेली. मी ते सरळ पुस्तकाच्या कागदांत ठेवलं. तुम्हाला कळलं.

मग आपलं फिरणं सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मी बसनं, तुम्ही कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागं बसून. ब्रह्मपुरीकडं माझ्या माहेरी गेलो तेव्हा आईनं तुम्हाला विहाराच्या भिंतीवर बुद्धाचं चित्र काढून द्यायला सांगितलं. तुम्ही तेही काढलं, आणि मग आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना विहाराच्या ओट्यावर बसवून खडे कसे खेळतात ते विचारलं. माझ्या आईचं आणि शेजारच्या सीताबाईचं तिथंच वाजलं. उडवलेला खडा बोटाला लागून पडला तर डाव जातो की नाही? आई म्हणाली जातो. सीताबाई म्हणाली नाई जात, कवाच गेला नाई. दोघी एकमेकींशी बोलेनात. शेवटी खेळूनच पाहू म्हणून बसल्या आणि उन्हं उतरेपर्यंत उठल्या नाहीत. तुम्ही समोर मांडी घालून बसला होता. "मले घेता काय?" असं विचारलंत आणि त्यांनी तुम्हाला घेतलं. तुम्ही हरलात. तुम्ही सगळीकडे हरायचात.

त्या दिवशी परत येताना आपला मोठा वाद झाला, तो अजून तसाच आहे. मी रोज नियम लिहीत होते. एक, दोन, तीन. किती खेळाडू, डाव कुणावर, बाद कधी. पुस्तक शाळेसाठी आहे तर नीट लिहिलं पाहिजे, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "एवढे नियम तं कचेरीत असते, बाई. तुमी हे छापलं का भांडण मिटलं. भांडण मिटलं का खेळ कोन खेळते?" मी म्हटलं, नियम लिहिले नाहीत तर ज्या गावात शिकवणारं कुणी उरलं नाही तिथलं लेकरू शिकणार कसं. तुम्ही म्हणालात, लेकरू खेळ शिकत नाही, बनवते. मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला वर्ग सांभाळायचा नाही, म्हणून सोपं वाटतं.

मग मी नियम लिहिले आणि तुम्ही प्रत्येक पानाच्या तळाशी एक भांडण काढलं. कमरेवर हात ठेवून उभी मुलगी, खडा दाखवून शपथ घेणारा मुलगा, डाव सोडून निघालेली एक रुसकी. पुस्तक छापून आल्यावर माझे नियम किती जणांनी वाचले ते ठाऊक नाही. भांडणं सगळ्यांनी पाहिली. तरी मी अजून म्हणते की नियम हवेत. तुम्ही इथं असता तर नाही म्हणाला असता. हा वाद मिटला नाही याचं मला वाईट वाटत नाही. मिटला असता तर आपण कशावर बोललो असतो?

वैनगंगेच्या पलीकडं गडचिरोलीच्या त्या गावात तुम्ही गेडीवर चढलात. पावसाळा होता, गल्लीत चिखल, आणि लेकरं गेड्यांवर, म्हणजे पाय ठेवायला आधार बांधलेल्या बांबूच्या उंच काठ्यांवर, चिखलाच्या वरून चालत होती. एक लहानशी मुलगी तुमच्या डोक्याएवढ्या उंचीवरून तुमच्याकडं बघत निघून गेली. तुम्ही चपला काढल्या. मी म्हटलं, भाऊ, वय पाहा. तुम्ही पाहिलं नाही. दोन पोरांनी दोन्हीकडून धरलं, तुम्ही चढलात, चार पावलं टाकलीत आणि गावातल्या सगळ्यांदेखत बसकण मारलीत. गोंडीत काय काय बोलून लोक हसत होते ते मला कळलं नाही, तुम्हाला कळत होतं असं वाटलं, कारण तुम्हीही त्यांच्याच बरोबर हसत होता. मग परत चढलात. हातपंपापर्यंत गेलात. पंप धरून उभे राहिलात आणि तिथून मला हाक मारली. नुसतीच हाक, पुढं काहीच नाही.

आता त्या चित्राबद्दल बोलते, ज्याच्याविषयी आपण नंतर फारसं बोललोच नाही.

वाघ-बकरी पुस्तकात घ्यायचा का, हा प्रश्न होता. कातळावर किंवा अंगणात कोळशानं रेघा ओढायच्या, वाघाच्या सोंगट्या थोड्या, बकऱ्यांच्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या मिळून वाघाला कोंडतात. गुरं राखणाऱ्यांचा हा जुना खेळ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पुस्तकात तो नाही म्हणजे जेवणात भात नाही. पण माझ्या वर्गात आरती होती. तिच्या वडिलांना आदल्या उन्हाळ्यात, मोह वेचताना, वाघानं मारलं होतं. वाचनाच्या पुस्तकात वाघाचा धडा आला की ती पाणी पिऊन येते म्हणायची आणि धडा संपेपर्यंत परत यायची नाही. मी तिला कधी थांबवलं नाही. तुम्हाला म्हटलं, हा खेळ गाळू. एक खेळ कमी झाला तर पुस्तकाचं काही बिघडत नाही.

तुम्ही ब्रश पुसून बाजूला ठेवलात. मग म्हणालात, "आपण काऊन ठरवून राह्यलो? तिच्या मायले विचारू."

मला ते पटलं नाही. एखाद्या बाईच्या दारात जाऊन असं विचारायचं कसं? तुम्ही म्हणालात, जसं विचारतात तसं. तुम्ही चित्र आधीच काढलं होतं, ते गुंडाळून काखेत घेतलंत. मी मागून आले, कारण तुम्हाला एकटं पाठवणं मला जास्त धास्तीचं वाटलं.

आरतीची आई सुमनबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. तुम्ही आडवळणं घेतली नाहीत. म्हणालात, लेकरांच्या खेळांचं पुस्तक करून राह्यलो, त्यात वाघ-बकरी घालावा का नाई ते तुमी सांगा. तुमी नाई म्हटलं तं नाई. आणि चित्र उलगडून त्यांच्यासमोर धरलं. कातळाभोवती बसलेली पोरं, मधे रेघा, आणि मागं झुडपाआडून डोकावणारा वाघ. लहान लेकरं घाबरू नयेत म्हणून तुम्ही त्याला हसरा काढला होता. गोल डोळे, मिशा वर वळलेल्या.

सुमनबाईंनी सूप खाली ठेवलं. चित्राकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता आपण उठावं.

"खेळ ठेवा," त्या म्हणाल्या. "माझा मालक लय खेळे हा खेळ. बकऱ्या घेऊन खेळे. त्याले कोनी हरवत नोहोतं."

मग सूप परत हातात घेत म्हणाल्या, "पन हासरा वाघ नोका काढू, भाऊ."

तुम्ही विचारलंत, "मंग कसा काढू?"

"ते मले नाई सांगता येत," त्या म्हणाल्या. "मी नाई पाह्यला त्याले."

आपण दोघं परत आलो. मूलला तुम्ही आपल्या गल्लीकडं वळलात, मी माझ्या. त्यानंतर तुम्ही बाकी सगळी चित्रं दिलीत, पण ते पान रिकामं. मी विचारायचं टाळलं. छापणाऱ्यांचा निरोप येत होता. तुमच्या घरी आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, रोज एक वाघ काढून राह्यले अन् फाडून राह्यले. चुलीजवळ मी पाहिले त्यातले तुकडे. रागीट वाघ, डरकाळी फोडणारा वाघ, झोपलेला वाघ. सगळे नाटकातले. तुम्हीच मला तसं म्हणालात. "हे सारे पडद्यावरचे हायेत, बाई. खरा मी बी नाई पाह्यला."

मग एके दिवशी शाळेत येऊन तुम्ही चित्र माझ्या टेबलावर ठेवलंत आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसलात. कातळ तोच, पोरं तीच, डोकी एकमेकांजवळ आणून खेळणारी. आणि दूर, पानाच्या कडेला, गवतात पाठमोरा वाघ. तोंड दिसत नाही. पाठ, पट्टे, एक कान, शेपटी गवतात गेलेली. तो काय करतो आहे, बसला आहे की निघाला आहे, रागात आहे की पोट भरलेला, काहीच कळत नाही. मी खिडकीतून तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही मातीत काडीनं रेघा ओढत होता.

छापणाऱ्यांकडच्या एका माणसानं म्हटलं, मुलांना वाघाचं तोंड आवडतं, वळवता येईल का. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात की तो वळत नाई. त्यांनी परत विचारलं नाही.

पुस्तकं आली त्या दिवशी तुम्हीही शाळेत होतात, पण त्या वेळी हेडसर तुम्हाला चहाला घेऊन गेले होते, म्हणून पुढचं तुम्ही पाहिलं नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं, पण घाईत, अर्धवट. पूर्ण सांगते. लेकरं पानं उलटत होती, आपापली भांडणं शोधत होती. आरतीनं ते पान उघडलं. मी तिच्याकडं न बघता बघत होते. पाणी पिऊन येते म्हणेल म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. तिनं वाघाच्या पाठीवर बोट ठेवलं आणि हळूहळू पट्ट्यांवरून शेपटीपर्यंत नेलं. मग मला म्हणाली, "बाई, हा जाऊन राह्यला ना?"

मी म्हटलं, तुला काय वाटते?

"जाऊन राह्यला," ती म्हणाली. मग ती शेजारच्या पोरीला घेऊन व्हरांड्यात गेली, फरशीवर खडूनं रेघा ओढल्या आणि म्हणाली, बकऱ्या माझ्या. तिला खेळ आधीपासूनच येत होता. तिला कोणी शिकवला असेल ते मला विचारावं लागलं नाही. सुमनबाईंनी पुस्तक पाहिलं की नाही, त्यांना कसं वाटलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. पण नंतरच्या पालकसभेला त्या आल्या तेव्हा जाता जाता म्हणाल्या, चित्रकार भाऊले सांगा, बरं हाय. मी ते तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही मान हलवली होती आणि रस्त्यावरची बैलगाडी बघत राहिला होता.

तुमचं दुखणं लवकर आटोपलं, असं सगळे म्हणतात. मला ते वाक्य आवडत नाही. पण खरं आहे. छातीत भरून आलं, चंद्रपूरला नेलं, चार दिवसांनी घरी आणलं, आणि मी भेटायला आले तेव्हा तुम्ही अंगणात खाटेवर होता. मी पुस्तकाविषयी बोलेन असं ठरवून आले होते. दुसऱ्या आवृत्तीत काय घालायचं, नदीपलीकडचे राहिलेले खेळ. तुम्ही मात्र नातीला बोलावलंत आणि म्हणालात, बाईसंगं खडे खेळ, मी पाहतो. आम्ही खाटेशेजारी बसलो. तुम्ही पंच झालात, आणि भयंकर पक्षपाती. तिचा खडा बोटाला लागून पडला तर चालेल म्हणालात, माझा पडला तर डाव गेला. मी भांडले. तुम्ही खूश होऊन डोळे मिटले. खेळ चालू असतानाच तुम्हाला झोप लागली. नात म्हणाली, बाई, हळू, आबा झोपले. आम्ही डाव तसाच पुरा केला, न बोलता.

निघताना तुम्हाला उठवावं की नाही ते कळेना. एक गोष्ट म्हणायची होती. तुमच्यामुळं मी माझं गाव, माझी शाळा, माझी आईसुद्धा वेगळी पाहिली. तिला ओट्यावर बसून शेजारणीशी खड्यांवरून भांडताना मी कधी पाहिलं असतं? हे म्हटलं तर निरोप घेतल्यासारखं होईल म्हणून तुम्हाला उठवलं नाही. पुढच्या रविवारी म्हणेन असं ठरवलं. आता म्हणते. उशिरा म्हणते, पण मनापासून.

काल मांडव उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. चहा दिला. मी म्हटलं, वहिनी, ऋषीभाऊंना खेळांची किती हौस होती, लहानपणी फार खेळले असतील. वहिनींनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यायनं लहानपणी काई नाई खेळलं, बाई. बापानं पडदेवाल्यापाशी ठेवलं होतं. रंग घोटे, बुरुश धुवे. संध्याकाळी बाकीचे पोट्टे खेळत, अन् हे पडद्यामांगून पाहे. तुमाले नाई सांगितलं काय?"

नाही, भाऊ. नाही सांगितलं. मला वाटत होतं आपण खेळ गोळा करतो आहोत.

वहिनी रडत नव्हत्या. कप विसळत होत्या. माझ्याकडं पाठ होती, तरी आवाजावरून कळलं की त्या हसताहेत. म्हणाल्या, "तुमच्यासंगं गावोगाव गेले तवापासून घरी आले का पाय बी नाई धुवत. आधी सांगे, आज कोनासंगं खेळलो, कोन जिकलं. या म्हातारपनी त्यायनं सारं खेळून घेतलं, बाई. काईच ठेवलं नाई बाकी."